वर्षभराचं कशाला घालायचं?

प्रश्न इंदूरच्याच एका गृहस्थांचा आहे. थोडा आटोपशीर करून देते:

"आई ६३ वर्षांची. मागच्या वर्षी फेब्रुवारीत डाव्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं, मग आठ कीमो, मग तीन आठवडे सिकाई (रेडिएशन). ऑक्टोबरात सगळं संपलं. आता रोज लेट्रोझोलची (कॅन्सर परत येऊ नये म्हणून हॉर्मोन रोखणारी) एक गोळी आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. रिपोर्ट चांगले आहेत. कीमोच्या काळात तीच आम्हाला धीर देत होती. आता सगळं नीट झालंय तर गप्प गप्प असते. यंदा कैरीचं लोणचं घातलं नाही. विचारलं तर म्हणाली, 'वर्षभराचं कशाला घालायचं?' बायको म्हणते हे डिप्रेशन आहे. मामा म्हणतात, पॉझिटिव्ह राहायला सांगा. मी रात्री दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघून येतो. आम्ही काय करावं?"

तुम्ही आजाराचं सगळं तारीखवार लिहिलंत, पण मला हवं होतं ते लोणच्याच्या वाक्यात सापडलं.

आपल्याकडे पुढचा काळ स्वयंपाकघरात भरून ठेवलेला असतो. टक्कू चार दिवसांचा, मेथांबा महिन्याभराचा, लोणचं वर्षाचं. होळी झाली की माळव्यातली घरं वर्षाचा शरबती गहू भरतात, एरंडेल चोळून कोठीत टाकतात. हे करताना 'पुढच्या होळीला मी असेन' असं कोणी मनात म्हणत नाही, ते धरलेलंच असतं. कॅन्सर झालेल्या माणसाचं हे धरलेलं सुटतं. मरायचं सगळ्यांनाच आहे, पण तुमच्या-माझ्या मरणाची तारीख कुठे लिहिलेली नाही. तुमच्या आईंना मात्र दर तपासणीच्या तारखेशेजारी ती शिसपेन्सिलीने लिहिल्यासारखी दिसते. त्यांनी आशा सोडली असं लगेच म्हणू नका. त्या हिशेब करताहेत, आणि करण्यासारखा तो हिशेब आहे.

मग हे आत्ता का, कीमोच्या वेळी का नाही? कारण तेव्हा डोक्याला वेळच नसतो. एकवीस दिवसांचं चक्र असतं. सुई, मग चार दिवस मळमळ आणि तोंडात लोखंडाची चव, मग पांढऱ्या पेशी किती उतरल्या ते बघायला रक्त, आणि जरा बरं वाटतंय म्हणेस्तोवर पुढची तारीख. कीमोबरोबर डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइडही देतात. त्याने झोप उडते, पण दोन-तीन दिवस अंगात एक उसनी तरतरी असते. आई सगळ्यांना धीर देत होत्या हा त्यांचा स्वभाव खराच, पण थोडा वाटा डेक्सामेथासोनचाही असणार! मग सिकाई (आमच्याकडे रेडिएशनला दुसरं नाव नाही). रोज तीच वेळ, तोच बाक, तेच चार-पाच चेहरे, कोणाच्या डब्यात काय आहे तेही माहीत. एका शुक्रवारी मशीनवरचा मुलगा म्हणतो, 'आंटी, अब मत आना.' पेढे वाटले जातात. घरचे म्हणतात, सुटलो बुवा. सून पुन्हा पूर्णवेळ ऑफिसला जायला लागते, बहिणींचे फोन कमी होतात. आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता त्या बाईला कुठेच जायचं नसतं. तिचं खरं सुरू होतं ते त्या सोमवारी. माझ्या ओपीडीत उपचार चालू असलेल्यांपेक्षा उपचार संपून चार-सहा महिने झालेलीच माणसं जास्त असतात, आणि सगळी जवळपास याच वाक्याने सुरुवात करतात: 'खरं तर आता मला काही झालेलं नाही.'

इथे कोणीतरी तुम्हाला त्या पाच पायऱ्या पाठवेल, नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस बाईंनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. त्यांचं ऋण आहे, कारण तोवर डॉक्टर मंडळी अशा माणसांशी मरणाबद्दल फारशी बोलत नव्हती. पण तो काही जिना नव्हे. मी एकाच माणसाला सकाळी मृत्युपत्राचा मसुदा दाखवताना आणि संध्याकाळी पुढच्या वर्षीच्या चारधामची चौकशी करताना पाहिलंय. दोन्ही वेळा तो खरंच बोलत होता.

आता मामा. त्यांच्याशी भांडू नका, ते प्रेमानेच सांगताहेत. पण 'पॉझिटिव्ह राहिलं की कॅन्सर पळतो' हे तपासून झालेलं आहे. अमेरिकेत डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची मनःस्थिती चांगली होती ते जास्त जगले का? नाही, काही फरक दिसला नाही. मला ही बातमी सुटकेची वाटते. म्हणजे तुमच्या आई एखाद्या दुपारी पंख्याकडे बघत रडल्या, तर त्या रडण्याने गाठ परत येत नाही. हे त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. कित्येक बायका रडू आलं की 'आता माझ्या निगेटिव्ह विचारांनीच परत होणार' म्हणून घाबरतात. एका दुःखावर दुसरी भीती. आमच्या इंदुरी मराठीत, 'घबराट होऊन राहिली आहे, डॉक्टर.'

मामांना बोलले, पण हे मीही केलेलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे यायच्या, अंडाशयाचा कॅन्सर, पोटात पाणी होत असे. एकदा त्या म्हणाल्या, 'मला वाटतं आता फार नाही.' मी चटकन म्हणाले, 'असं बोलायचं नाही हं, तुम्ही किती खंबीर आहात!' त्या हसल्या, मान डोलावली. पुढचे चार महिने त्या माझ्याशी फक्त बद्धकोष्ठाबद्दल बोलल्या. त्या गेल्यावर त्यांची बहीण भेटायला आली. म्हणाली, 'ती म्हणायची, डॉक्टरीणबाईंना फार वाईट वाटतं, त्यांच्यापुढे नको.'

मी त्यांना सांभाळते आहे अशा समजुतीत होते.

आजारी माणसाला दुखणं असतं, खर्चाची काळजी असते, आणि त्यावर हे तिसरं काम असतं, बाकीच्यांना सांभाळायचं. हे काम कुठल्या फायलीत लिहिलेलं नसतं. तुमच्या आईंनी ते कीमोच्या सहा महिन्यांत इमानेइतबारे केलं. आता बहुधा दमल्या आहेत. तुम्हाला करता येण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हे काम त्यांच्या हातातून काढून घेणं.

ते कसं, यासाठी एक जोडपं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. काका बँकेतून निवृत्त, जिभेचा कॅन्सर, ऑपरेशननंतर बोलणं अडखळत. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला टाटा हॉस्पिटलात दोनदा जाऊन आले, पुढचे उपचार इथे. आजार परत आला होता. पहिल्याच भेटीत काकू कॉरिडॉरमध्ये हातात थर्मास धरून मला गाठतात. 'यांना काही सांगू नका हं, कोसळतील.' आत गेले तर काका पाटीवर लिहितात, 'हिला कळू देऊ नका. सहन होणार नाही.' दोघांना सगळं माहीत. दोघं एका खोलीत, मध्ये टीव्ही मोठ्याने लावलेला. असं घर इंदुरात मी इतक्यांदा बघितलंय की आता कॉरिडॉरमधली कुजबूज सुरू झाली की आतलं काय असेल ते मला कळतं.

मी त्यांना 'एकमेकांशी मोकळेपणाने बोला' असं काही म्हटलं नाही. तसं म्हणून कोणी बोलत नाही. काकांना विचारलं, 'तुम्हाला कशाची काळजी वाटते?' त्यांनी लिहिलं, 'पेन्शन.' फॅमिली पेन्शनचा अर्ज कुठे करायचा, नोव्हेंबरात हयातीचा दाखला कसा द्यायचा, यातलं काकूंना काही माहीत नव्हतं. मग ठरलं की रोज दुपारी पोहे खाऊन झाले की काका पाटीवर लिहून बँकेचा एक कागद समजावतील. तिसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, 'दाखला माझा द्यायचा ना? तुमचा नाही ना?' काका बराच वेळ पाटी पुसत राहिले. मग लिहिलं, 'तुझा.' त्या दिवशी दोघं रडले, आणि त्या रात्री काका मॉर्फिनच्या नेहमीच्याच मात्रेवर सलग सहा तास झोपले. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स, ज्यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी संस्था) सुरू केलं, त्या म्हणत की वेदना एकट्या शरीराची नसते, तिच्यात मन, घर, पैसा, देव सगळं मिसळलेलं असतं. मला ते आधी परीक्षेपुरतं ठाऊक होतं. नीट कळलं ते त्या पाटीवर.

काकांची गोष्ट तुमच्या आईंची नाही. आईंचा आजार गेलेला आहे आणि बहुधा परत येणार नाही. पण 'मी मेले तर' हे वाक्य दोन्ही घरांत सारखंच अडकलेलं आहे.

आता देवाचं. 'मी कुणाचं काय वाईट केलं होतं?' हा प्रश्न येतोच. मोठ्याने नाही आला तर पारायणं वाढतात, उपास वाढतात. प्रारब्ध हा शब्द कोणाला टेकायला उपयोगी पडतो, कोणाला बोचतो, म्हणून मी त्यावर वाद घालत नाही, कोणत्या अर्थाने म्हणताय एवढं विचारते. एका बाईंनी मुलाच्या नोकरीसाठी इथल्या खजरान्याच्या गणपतीमागे भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं होतं (इच्छा पुरी झाली की ते सुलट करायचं असतं). नोकरी लागली, पण सुलट करायला जायचं राहून गेलं. पाच वर्षांनी कॅन्सर निघाला. हे त्यांनी नवऱ्याला नाही, मुलाला नाही, कोणालाच सांगितलं नव्हतं. आठ महिने एकट्या वागवत होत्या. मी त्यांना सांगितलं की स्तनाच्या कॅन्सरला वय लागतं, हॉर्मोन्स लागतात, कधी घराण्यातून आलेलं जनुक लागतं, राहिलेला नवस लागत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'ते खरं. पण ते स्वस्तिक अजून उलटंच आहे.' पुढच्या बुधवारी डोक्याला ओढणी बांधून गेल्या आणि सुलट करून आल्या. डॉक्टर म्हणून मला यात काहीच अडचण दिसली नाही.

शरीराबद्दल मुलाला लिहिताना थोडं अवघडतंय, पण सुनेला वाचायला द्या. बाई बरी झाली की पहिल्या हळदीकुंकवाला बोलावणं येतं, आणि येणारी प्रत्येकजण आधी छातीकडे बघते, मग चेहऱ्याकडे. अर्ध्या सेकंदाचं काम. चैत्रगौरीला आई गेल्या होत्या का ते आठवा. नसतील, तर त्याचं कारण 'मूड नाही' यापेक्षा ब्लाउजच्या मापात सापडण्याची शक्यता जास्त. स्तन काढलेला असेल तर त्याच्या जागी घालायचा सिलिकॉनचा आकार आणि त्यासाठीची ब्रा मिळते, ती कुठे मिळेल हे सर्जनच्या सिस्टरला विचारायचं. हे सुनेने करावं, आणि दोघींनीच.

तुमच्या पत्नीचं म्हणणं टाकून देऊ नका. दुःख आणि डिप्रेशन यांतला फरक कॅन्सरमध्ये जरा फसवा असतो, कारण नेहमीची लक्षणं, झोप नाही, भूक नाही, थकवा, विसरभोळेपणा, ही सगळी उपचारांनीही होतात. लेट्रोझोलने सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात, त्याने रात्री जाग येते. म्हणून मी दुसरीकडे बघते. आवडीचं समोर आलं तर चेहरा उजळतो का? नातू आला, भीमसेन लागले, भुट्ट्याचा कीस केला, तर दहा मिनिटं तरी त्यात जातात का? जात असतील तर दुःख आहे, ते सोबतीने चालेल. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच चव नाही, 'मी तुमच्यावर ओझं आहे' हे पालुपद, स्वतःला नालायक म्हणणं, असं असेल तर ते डिप्रेशन आहे, आणि ते औषधाने व बोलण्याने चांगलं बरं होतं. 'जगून काय करायचं' असं बोलल्या तर बिचकू नका, सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन या. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत.

डिप्रेशनचं औषध सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२, सोडियम आणि कॅल्शियम एवढं रक्त तपासून घ्या. थायरॉइड मंदावल्यामुळे 'उदास' झालेल्या बाया मी कमी पाहिलेल्या नाहीत. वाचणाऱ्यांपैकी कोणी लेट्रोझोलऐवजी टॅमॉक्सिफेन (तशीच हॉर्मोनवरची गोळी) घेत असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही उदासीची औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या रूपात होणारं रूपांतर अडवतात. त्यांना पर्याय आहेत, पण डॉक्टरला माहीतच नसेल तर तो देणार कुठून?

तपासणीच्या आधीचा पंधरवडा वेगळा धरा. त्या दिवसांत साधा खोकला आला तरी वाटतं कॅन्सर फुप्फुसात गेला, आणि पाठ धरली की हाडात गेला. मी आधीच ठरवून घ्यायला सांगते की नवं दुखणं दोन आठवडे टिकलं किंवा वाढत गेलं तर फोन करायचा, गाठ लागली किंवा धाप लागली तर वाट बघायची नाही. आणि रिपोर्ट कोणाच्या मोबाइलवर येणार? हे क्षुल्लक वाटेल. शनिवारी रात्री नऊला आलेला, अर्धा कळलेला आणि सोमवारपर्यंत कोणाला विचारता न येणारा रिपोर्ट माणसाची काय हालत करतो ते मी बघितलंय. ज्या दिवशी डॉक्टर भेटणार त्याच दिवशी तो उघडायचा, असं आईंशी बोलून ठरवा. त्यांना आधी बघायचाच असेल तर तो त्यांचा हक्क.

भीती किती आहे हे विचारायला आमच्याकडे एक साधं साधन आहे, कागदावर थर्मामीटर काढलेला असतो, ० ते १०. आठवड्याभरात किती त्रास वाटला त्यावर खूण करायची. चार किंवा वर असेल तर आम्ही बसून बोलतो. घरीही चालतं. 'कशी आहेस' ला उत्तर 'बरी' येतं. 'आज किती' ला उत्तर येतं 'सहा', आणि मग 'काल चार होता, आज काय झालं?' असं पुढे बोलता येतं.

आणि लोणचं. तुमच्या पत्नीने एव्हाना पाच किलो कैऱ्या आणल्या असतील तर आईंपुढे ओतू नका. ती परीक्षा होते. एकदा दुपारी शेजारी बसा, हातात निवडायला काहीतरी घ्या, कारण समोरासमोर बसून असं बोलणं होत नाही, आणि विचारा, 'वर्षभराचं कशाला म्हणालीस, तेव्हा तुझ्या मनात काय होतं?' मग गप्प बसा. त्या म्हणतील, 'काही नाही रे.' तेव्हाही उठू नका. 'मी गेले तर' असं त्या बोलल्या, तर 'असं बोलू नकोस' हे एकच वाक्य गिळा. बाकी काहीही म्हटलंत तरी चालेल. 'मलाही भीती वाटते' म्हटलंत तरी. त्यांना तुमची भीती माहीत आहेच, रात्री दोनदा दार वाजतं ते त्यांना ऐकू येत नसेल असं वाटतं का तुम्हाला?

माझ्या एका पेशंटबाई आता लोणचं तीन-तीन महिन्यांचं घालतात. एक छोटी बरणी, तपासणीच्या तारखेपर्यंत पुरेल एवढी. रिपोर्ट आला की पुढची. कैऱ्यांचा मोसम संपला की लिंबाचं, मग आवळ्याचं, मग गाजराचं. सून म्हणते, पूर्वी घरात एक लोणचं असायचं, आता चार असतात. हे मी त्यांना सुचवलेलं नाही, त्यांचं त्यांनीच काढलं. तुमच्या आई काय काढतील ते मला सांगता येणार नाही. कदाचित टक्कूपासून सुरुवात होईल, कदाचित यंदा काहीच नाही.

रक्ताचे रिपोर्ट आले की घेऊन या. आई नको म्हणाल्या तर ओढून आणू नका, तुम्ही एकटे या. रात्रीचं उठणं कधीपासून आहे ते मला तुमच्याकडूनही ऐकायचंय.